खाऱ्या पाण्याचं लायसन्स: न्यू जर्सीत गरवायला जाणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविकपासून खाली टॉम्स रिव्हरपर्यंत जे कोणी आपले लोक शनिवारी पहाटे डिकीत रॉड टाकून खाडीवर जातात त्या सगळ्यांना हे पत्र आहे. विषय लायसन्सचा. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात हौसेने मासे पकडायला पैसे भरून लायसन्स घ्यावं लागावं का, हा वाद इथे परत परत वर येतो, बेट शॉपच्या (आमिषाच्या दुकानाच्या) काउंटरवर तर बाराही महिने चालू असतो, आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की भराभर मेसेज पडतात, बहुतेक सगळे "समुद्र काय सरकारच्या मालकीचा आहे का" याच अर्थाचे. असे मेसेज मी पण टाकलेत. आज उलटं लिहितोय. माझं मत बदललंय, लायसन्स असावं आणि ते पैसे भरून असावं असं मला आता वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगायचंय, फोनवर दोन ओळीत ते सांगून होत नाही.

मी देवगडकडचा. आमच्याकडे मासे पकडायला जातो असं कोणी म्हणत नाही, गरवायला जातो म्हणतात. आजोबांकडे रॉड नव्हता, रीळ नव्हतं, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस (गळाचा दोरा), टोकाला गरी (गळाचा आकडा), वर शिशाचा तुकडा, आणि आमिषाला कोळंबी. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि मासा आमिषाला तोंड लावतोय की नुसती लाट ओढतेय हे बोटाला कळायला पाहिजे, ते कळेपर्यंत दोन पावसाळे जातात असं ते म्हणायचे. तांबोशी, गोबरा, काहीच नाही तर शेंगाळा. त्यांना आयुष्यात कोणी कागद विचारला नाही. त्यामुळे इथे आल्यावर लायसन्स हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी यायची ती कुठून यायची ते मला चांगलं माहीत आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचंही तसंच असणार.

आता आधी आज नियम काय आहे ते, कारण आपल्यात याबद्दल प्रचंड गोंधळ आहे. जर्सीत गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर १६ वर्षांपासून ६९ वर्षांपर्यंत लायसन्स लागतं, मी गेल्या वेळी त्याचे साडेबावीस डॉलर भरले, ट्राउटचा स्टॅम्प वेगळा. खाऱ्या पाण्यात मात्र लायसन्स नाही, फक्त रजिस्ट्रेशन आहे, फुकट आहे, ऑनलाइन आहे, १६ आणि त्यावरच्या सगळ्यांना आहे, आणि ते दरवर्षी ३१ डिसेंबरला संपतं म्हणजे दर जानेवारीत नव्याने करावं लागतं. पार्टी बोटीवर तिकीट काढून गेलात तर लागत नाही, तिथे बोटीची नोंद असते. रॅरिटन नदीवर ही हद्द लँडिंग लेन ब्रिजवर आहे. पुलाच्या वरच्या अंगाला उभे राहिलात तर लायसन्स, खालच्या अंगाला उतरलात तर फुकट रजिस्ट्रेशन, नदी तीच, आणि वसंतात त्याच पाण्यातून चढणारा मासा पण तोच.

मी पहिली दोन वर्षं रजिस्ट्रेशन केलंच नव्हतं. माहीतच नव्हतं. एका सकाळी ऑफिसर आला, कूलर उघडायला सांगितला, मासा मोजला आणि मग रजिस्ट्रेशन मागितलं, मी त्याला नुसताच बघत राहिलो. त्याने वॉर्निंग देऊन सोडलं, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता कारण त्या वेळी माझा एचवन व्हिसा होता आणि ग्रीन कार्डचे पेपर चालू होते.

हा पोटातला गोळा या सगळ्या वादात आपल्यापुरता सर्वात मोठा मुद्दा आहे असं मला वाटतं, आणि तो कोणी बोलत नाही म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो.

मागच्या वसंतातली गोष्ट. साउथ अँबॉयच्या वॉटरफ्रंटवर आम्ही पाच जण होतो, पाण्यात बंकर भरपूर आला होता (आपल्या तारलीसारखा तेलकट मासा, त्याचे तुकडे करून गळाला लावतात), आणि त्याच्या मागे स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला मोठा मासा). एक मुलगी हातात टॅबलेट आणि गळ्यात ओळखपत्र घालून आली, आणि ती दिसल्याबरोबर आमच्यातले तिघे सामान उचलून पार्किंगकडे चालायला लागले. चौथ्याने तिला सांगितलं, "नो इंग्लिश". तो माणूस बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. ती बिचारी सरकारच्या मासेमारीच्या सर्व्हेवाली होती. किती तास उभे आहात, किती मासे लागले, किती सोडले, कुठल्या काउंटीतून आलात, घेतलेला मासा मोजू का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिला दंड करायचा अधिकार नाही, ती व्हिसा विचारत नाही, आणि दिलेली माहिती कायद्याने गोपनीय राहते. मी तिच्याशी बोललो. तिने माझा मासा पट्टीवर ठेवला, आकडा घेतला, थँक यू म्हणाली आणि पुढे गेली. आमच्या पाच जणांच्या पाच तासांतली फक्त माझीच नोंद झाली. बाकी चौघे त्या दिवशी खाडीवर नव्हतेच, निदान हिशोबात तरी नव्हते.

आणि मासे किती पकडायचे, केवढे पकडायचे, कधी बंद ठेवायचे हे सगळं त्याच हिशोबावर ठरतं. व्यापारी मासेमारीचा हिशोब धक्क्यावर वजनकाट्यावर होतो. आपला हौशी लोकांचा हिशोब कसा करणार? पूर्वी किनाऱ्याजवळच्या काउंटीतल्या घरांना फोन लावून विचारायचे, तुमच्याकडे कोणी मासेमारीला गेलं होतं का. दहापैकी कितीतरी घरात कोणी गळाला हातही लावलेला नसायचा. २००६ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलने या पद्धतीवर कडक अहवाल दिला, आणि मग फिशरीजच्या मोठ्या फेडरल कायद्याला, मॅग्नसन स्टीव्हन्स अॅक्टला, जानेवारी २००७ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यात खाऱ्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांची देशभर यादी करायची असं आलं. ज्या राज्यांकडे स्वतःची यादी असेल त्यांना सूट, बाकीच्यांनी फेडरल यादीत नाव घालायचं, २०११ पासून त्याला १५ डॉलर लागणार होते. ते १५ डॉलर वाचवायला जर्सीने २०११ मध्ये आपलं फुकट रजिस्ट्रेशन काढलं. म्हणजे बघा, आपल्या इथलं रजिस्ट्रेशन हे मुळात फी टाळायला काढलेलं आहे.

२०१८ पासून फोन बंद झाले, आता टपालाने फॉर्म पाठवतात, आणि कुठल्या घरात गळ टाकणारा आहे हे ओळखायला राज्यांच्या याद्यांची मदत घेतात. पद्धत बदलल्यावर आकडे एकदम फुगले, किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांचे तर फारच, आणि २०२३ मध्ये सर्व्हे करणाऱ्या फेडरल खात्याच्याच छोट्या अभ्यासात निघालं की प्रश्नांचा क्रम बदलला तर लोकांच्या फेऱ्यांचा अंदाज ३० ते ४० टक्के कमी येतोय. यावरून इथल्या मच्छीमार मंडळींनी खूप आरडाओरड केली, आणि त्यांचा राग खराच आहे, चुकीच्या आकड्यावर तुम्ही माझ्या फ्लूकची (चपटा मासा) किमान लांबी अर्ध्या इंचाने वाढवता म्हणजे काय. पण मग अचूक आकडा यायला अचूक यादी लागते ना? फुकट यादी दर ३१ डिसेंबरला पुसली जाते आणि लोक ती पुन्हा भरायला विसरतात. पैसे भरून घेतलेलं लायसन्स माणूस विसरत नाही, पाकिटात ठेवतो. आकड्यांवर ओरडायचं आणि मोजायला आलं की पार्किंगकडे पळायचं, हे दोन्ही एकाच वेळी नाही चालणार.

स्ट्राइप्ड बासचंच घ्या, कारण आपण सगळे शेवटी त्याच्यासाठीच उभे असतो. १९८० च्या आसपास हा मासा जवळजवळ संपत आला होता. १९८४ मध्ये त्याच्यासाठी वेगळा फेडरल कायदा झाला, काही राज्यांनी पूर्ण बंदी घातली, आणि १९९५ मध्ये मासा सावरला असं जाहीर झालं. जर्सीत तो विकता येत नाही, फक्त गळवाल्यांचा मासा आहे. आता परत लक्षण बरं नाहीये. चेसापीक खाडीत, जिथे याची सगळ्यात जास्त पैदास होते, २०१९ पासून पिल्लं फार कमी सापडतायत. म्हणून २०२३ मध्ये घाईघाईने २८ ते ३१ इंचाची मर्यादा आली, फक्त तीन इंचाची फट, आणि तोही दिवसाला एकच मासा. आमिष लावलं असेल तर २०२१ पासून सर्कल हुक सक्तीचा आहे, म्हणजे गरी पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकते. सोडलेल्या माशांपैकी सरासरी ९ टक्के मरतात असं शास्त्रज्ञ धरून चालतात. एप्रिलमध्ये एका चांगल्या सकाळी तुम्ही वीस मासे लावून वीसही सोडलेत तर त्यातले जवळपास दोन तुम्ही मारलेत, आणि घरी काहीच नेलेलं नाही. मला स्वतःला हा हिशोब समजला तेव्हा फार लागला. मी आता चार पाच झाले की रॉड गुंडाळतो.

आपल्या गावाकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच होड्या लोटायच्या ही जुनी रीत, तेव्हा दर्याला विश्रांती द्यायची असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटीवाल्यांनी) काय केलं तेही आपण बघितलंय, २०१६ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध आणले तोवर आमच्याकडच्या रापणवाल्यांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांची) जाळी कितीतरी वेळा रिकामी आली होती. तिकडे आपण म्हणतो सरकार वेळेवर जागं झालं नाही. इकडे सरकार वेळेवर विचारायला आलं की आपण म्हणतो समुद्र कोणाच्या मालकीचा.

मालकीचंच निघालं म्हणून सांगतो. १८२१ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात अर्नोल्ड विरुद्ध मंडी असा खटला झाला, आणि तो झाला पर्थ अँबॉयच्या कालवांवरून, आपण जिथे उभे राहतो तिथून हाकेच्या अंतरावर. अर्नोल्डने रॅरिटनच्या पाण्यात कालवं लावली होती आणि तळ माझ्या मालकीचा म्हणत होता, मंडीने येऊन ती उचलली. कोर्टाने सांगितलं की भरती ओहोटीचं पाणी आणि त्याखालची जमीन कोणा एकाची नाही, सगळ्या लोकांची आहे, राज्य फक्त विश्वस्त आहे. आज आपण परक्या देशातून येऊन त्या खडकांवर निर्धास्त उभे राहू शकतो त्याच्या मुळाशी हा निकाल आहे, आणि "समुद्र सगळ्यांचा" म्हणणाऱ्यांनी तो छातीठोकपणे सांगावा. पण त्याच निकालात हेही आहे की राज्याला हे पाणी सगळ्यांच्या वतीने सांभाळायचा, त्यावर नियम करायचा अधिकार आहे, फक्त लोकांचा हक्क कोणाला विकून टाकता येणार नाही. दहा डॉलरचं लायसन्स हक्क विकत नाही. किनाऱ्यावर कुंपण घालून पार्किंग फक्त गाववाल्यांना ठेवणं, हे हक्क विकणं आहे, आणि त्यावर आपण एक मेसेज टाकत नाही.

आता पैशाचं. तुम्ही रॉड घेता, रीळ घेता, लुअर घेता, त्या किमतीत फेडरल टॅक्स आधीच असतो, बऱ्याचशा सामानावर १० टक्के, १९५० च्या डिंगेल जॉन्सन कायद्यापासून. तो पैसा राज्यांना परत वाटला जातो मासे आणि पाण्याच्या कामासाठी. वाटायचं सूत्र असं की ४० टक्के राज्याच्या आकारावर आणि ६० टक्के पैसे भरून लायसन्स घेतलेल्या लोकांच्या संख्येवर. फुकट रजिस्ट्रेशनवाले त्यात धरत नाहीत. लहान राज्यांना किमान १ टक्का मिळतोच, त्यामुळे लायसन्स आल्याबरोबर जर्सीवर पैशाचा पाऊस पडेल असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. पण लायसन्सचा स्वतःचा पैसा तर येईल, आणि दुसरी एक गोष्ट महत्त्वाची: लायसन्सचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवला तर फेडरल पैसा बंद होऊ शकतो, तशी अटच आहे. "ट्रेंटनवाले (म्हणजे राज्य सरकार) पैसे खाऊन टाकतील" ही भीती अगदी योग्य आहे, मीही टॅक्स भरतो, पण कुलूप आधीपासून आहे, आपण त्यावर दुसरं कुलूप मागायचं.

ते कसं, हे मॅसॅच्युसेट्सकडे बघा. त्यांनी २०११ मध्ये १० डॉलरचं परमिट आणलं, ६० आणि त्यावरच्यांना फुकट, आणि कायद्यातच वेगळा फंड केला, ज्यातला एक तृतीयांश पैसा लोकांना पाण्यापर्यंत पोचता यावं यासाठीच वापरायचा, म्हणजे धक्के, पायवाटा, बोट उतरवायच्या जागा. न्यूयॉर्कने उलटं केलं. ऑक्टोबर २००९ पासून १० डॉलर लावले, लाँग आयलंडची गावं इंग्रजांच्या काळातल्या १६८६ च्या सनदा काढून कोर्टात गेली, सगळीकडे बोंब झाली, आणि २०११ मध्ये लायसन्स रद्द होऊन फुकट रजिस्ट्री आली. मला विचाराल तर तिथे दहा डॉलर अडले नव्हते. पैसा कुठे जाणार हे लोकांना दिसलं नाही आणि आपल्या पाण्यावर आपल्याला न विचारता कोणी हात घालतंय असं वाटलं, म्हणून ते मोडलं.

म्हणून मी नुसतं "लायसन्स आणा" म्हणत नाहीये. फी दहा डॉलरच्या आसपास, त्याहून जास्त नको. मुलांना आणि म्हाताऱ्यांना फुकट. ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट, कारण पर्थ अँबॉयच्या धक्क्यावर रोज संध्याकाळी जे लोक येतात त्यातले कित्येक रात्रीच्या जेवणासाठी पोर्गी पकडतात, हौसेसाठी नाही, आणि त्यांना या पाण्यावरून हाकलणारा कायदा मला नको. पैसा वेगळ्या फंडात, त्यातला ठरलेला हिस्सा किनाऱ्यावर उभं राहायच्या जागांसाठी. आणि माहिती लोकांच्या भाषेत. हे शेवटचं मी फार मनापासून लिहितोय. न्यूअर्क बे आणि त्याला लागून असलेल्या पाण्यात ब्लू क्लॉ खेकडे पकडायलाच बंदी आहे, कारण न्यूअर्कच्या एका कारखान्यातून, जिथे व्हिएतनाम युद्धासाठी एजंट ऑरेंज बनायचं, डायऑक्सिन पासेक नदीत गेलं आणि ते आजही तळाच्या गाळात आहे. मी एका घरी जेवायला गेलो होतो, खेकड्याचा झणझणीत रस्सा, आणि वहिनी कौतुकाने सांगत होत्या की यांनी स्वतः पकडून आणलेत, कुठून ते ऐकल्यावर माझा घास हातातच राहिला. त्या घरात दोन वर्षांचं मूल होतं. त्या भाऊंना कोणी सांगितलंच नव्हतं. लायसन्स घेताना ईमेल पत्ता द्यावा लागला असता, तर ही एक ओळ त्यांच्यापर्यंत पोचली असती. गुजराती, हिंदी, स्पॅनिश, मराठी, कुठल्याही भाषेत.

काही जण म्हणतील की एकदा लायसन्स आलं की दरवर्षी फी वाढेल. वाढू शकते. म्हणून तर विधेयक लिहिलं जाताना तिथे बोलायचं, नंतर ग्रुपवर नाही. पेनसिल्व्हेनियाचे टुरिस्ट येणार नाहीत, बेट शॉप बसतील, हेही ऐकतो. डेलावेअर, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स सगळीकडे फी आहे आणि तिथली दुकानं चालू आहेत.

आता तुमच्याकडून काय हवंय. रजिस्ट्रेशन केलं नसेल तर आज करा, लायसन्सच्या बाजूचे असा की विरोधातले, ते आजचा कायदा आहे. टॅबलेटवाली मुलगी आली तर पळू नका, पाच मिनिटं बोला. घरी टपालाने सर्व्हे आला तर जाहिरात समजून फेकू नका, त्या काळात एकदाही गेला नसाल तरी "नाही गेलो" असं भरून पाठवा, तेही तितकंच मोलाचं असतं. राज्याच्या मरीन फिशरीज कौन्सिलच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, लोकांना बोलायला वेळ देतात. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा आपल्यातलं दुसरं कोणी दिसलं नाही, पांढऱ्या दाढीचे बोटवाले आणि क्लबवाले तेवढे होते, आणि ते चांगले बोलतात, अभ्यास करून बोलतात, पण ते त्यांचं बोलतात. जर्सीचे ४० डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकात एक सेनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर, तुमचे तीन कोण ते शोधा. लिहायला सिटिझन असावं लागत नाही.

मी माझ्या तिघांना पत्र लिहिलंय, वर ज्या अटी सांगितल्या त्या सगळ्या घालून. ज्यांना हवं त्यांनी मागा, बदला, विरोधात असाल तर विरोधात बदलून पाठवा, पण पाठवा. शनिवारी पहाटे साडेपाचला मी साउथ अँबॉयला असेन, नेहमीच्या खडकांवर. ज्यांचं रजिस्ट्रेशन राहिलंय त्यांना तिथेच फोनवर करून देतो, आणि बंकर जास्तीचे आणतोय.

तुमच्यातलाच एक,
एडिसन, न्यू जर्सी